हातातल्या दिव्यापेक्षा तिच्या वहीने जास्त जीव वाचवले : फ्लॉरेन्स नाइटिंगेलची फारशी न सांगितली जाणारी गोष्ट

कळमेश्वर. नागपूरजवळचं तालुक्याचं गाव. इथल्या सरकारी दवाखान्यात घरचं माणूस भरती असेल, तर रात्री एक गोष्ट हमखास बघायला मिळते.

वॉर्ड झोपलेला असतो. शेजारी बसलेल्या नातेवाइकाचाही डोळा लागलेला असतो. तेवढ्यात सिस्टर येतात. ताप बघतात, नाडी बघतात, बीपी घेतात, सलाईन किती गेलं ते बघतात. मग एका कागदावर काहीतरी लिहितात आणि पुढच्या कॉटकडे जातात.

आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. उलट, पेशंटकडे बघायचं सोडून सिस्टर नुसत्या लिहीत बसतात, अशी तक्रार करणारेही भेटतात.

पण पेशंटची काळजी घेणं आणि त्याची नोंद ठेवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, हे जगाला पहिल्यांदा ठासून सांगितलं ते एका नर्सनेच. तिचं नाव आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

शाळेच्या पुस्तकात ती हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरते आणि धडा तिथेच संपतो. तिची खरी लढाई मात्र त्यानंतर सुरू झाली होती. ती लढाई आकड्यांची होती आणि त्यातला सगळ्यात कडू आकडा तिच्याच हॉस्पिटलचा होता.

श्रीमंताघरची पोर आणि गणिताचं वेड

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात तिचा जन्म झाला. आई-वडील इंग्लंडचे, घरचे गडगंज. लग्नानंतर युरोपच्या लांबलचक सहलीवर असताना त्यांना दोन मुली झाल्या. थोरली नेपल्समध्ये जन्मली म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. धाकटीला फ्लॉरेन्स.

त्या काळी श्रीमंत घरातल्या मुलींनी पियानो वाजवायचा, भरतकाम करायचं आणि चांगलं स्थळ आलं की लग्न करायचं, एवढंच अपेक्षित होतं. पण वडील विल्यम नाइटिंगेल यांनी मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लॉरेन्सला मात्र ओढ लागली गणिताची. आकडे, तक्ते, याद्या यांत तिचं मन रमायचं.

१८३७ साली, सोळा वर्षांची असताना, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलंय असं तिला मनापासून वाटलं. कोणती सेवा, हे कळायला पुढे काही वर्षं गेली. कळलं तेव्हा घरात वादळ उठलं. तिला नर्स व्हायचं होतं.

आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हा इंग्लंडमध्ये हॉस्पिटलातली नर्स म्हणजे दुसरं काहीच काम न मिळालेली बाई, असा समज होता. शिक्षण नाही, पगार तुटपुंजा आणि दारूच्या आहारी गेलेल्या म्हणून बदनामी. १८४५ मध्ये तिने जवळच्या हॉस्पिटलात जाऊन काम शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हा आई आणि बहिणीने घर डोक्यावर घेतलं. तो बेत मोडला.

पण ती थांबली नाही. पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात ती हॉस्पिटलांचे अहवाल वाचायची आणि वहीत टिपणं काढायची. रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाच्या एका चांगल्या, तिला आवडणाऱ्या माणसाचं स्थळही तिने नाकारलं. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथे तिला सुमारे तीन महिने प्रशिक्षण मिळालं. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी तिच्याकडे आली. तिथेही तिने आधी सामान, खर्च आणि कामाचा हिशेब नीट लावला.

स्कुटारीतला हिवाळा

१८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ब्रिटन उतरलं. एकीकडे रशिया, दुसरीकडे ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथे आणलं जायचं. तिथल्या हॉस्पिटलची दुर्दशा वर्तमानपत्रांतून छापून आली आणि लंडनमध्ये गदारोळ झाला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांची फ्लॉरेन्सशी ओळख होती. त्यांनी तिला विचारलं आणि २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ती ३८ नर्सना घेऊन निघाली.

४ नोव्हेंबरला ती स्कुटारीत पोहोचली. लष्कराची एक अवाढव्य बराक, तिचंच हॉस्पिटल केलेलं. मैलोन्‌मैल वाटाव्यात इतक्या लांब ओसऱ्यांमध्ये जमिनीवर माणसं पडलेली. अंगावर उवा, जखमांवर जुन्याच पट्ट्या, धुतलेला कपडा नाही. इमारतीखालची गटारं तुंबलेली आणि त्यांची घाण हवा वॉर्डात येणारी.

तिने कपडे धुण्याची सोय केली, वेगळं स्वयंपाकघर उभं केलं, चादरी, सदरे, चमचे, टॉवेल विकत आणले. रात्री ती दिवा घेऊन वॉर्डातून फेरी मारायची, मरणाऱ्याजवळ बसायची, त्याच्या घरी पत्र लिहायची. घरोघरी पोहोचलेलं ते चित्र खरंच आहे.

पण त्या चित्रात एक गोष्ट येत नाही. ती आल्यानंतरही मरणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. उलट वाढत गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथला मृत्युदर शेकडा ४२ च्या घरात पोहोचला. त्या एका हिवाळ्यात स्कुटारीत ४ हजारांहून जास्त सैनिक गेले. त्यांतले बहुतेक रशियन गोळ्यांनी गेलेच नव्हते. हगवण, कॉलरा, टायफस यांनी गेले होते.

मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. डॉ. जॉन सदरलंड आणि इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन त्यात होते. त्यांनी गटारं उपसून काढली, हवा खेळती केली, भिंतींना चुना लावला. हॉस्पिटलला पाणी पुरवणाऱ्या नाल्यात मेलेला घोडा सापडला, तो काढला. जूनपर्यंत मृत्युदर शेकडा २ च्या आसपास आला.

नर्सही त्याच होत्या आणि डॉक्टरही तेच. फरक पडला होता तो गटार, हवा आणि पाण्याने.

आकडे समोर आले तेव्हा

१८५६ मध्ये युद्ध संपलं. इंग्लंडमध्ये तिच्या स्वागताची जंगी तयारी होती. तिने ती टाळली आणि 'मिस स्मिथ' असं नाव लावून गुपचूप घरी पोहोचली. डोळ्यांसमोर मेलेले सैनिक होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता. हे का मेले?

सुरुवातीला तिचं उत्तर ठरलेलं होतं. अपुरं अन्न, नीट कपडे नाहीत, आणि पार गळून गेल्यावरच सैनिकांना हॉस्पिटलात पाठवलं गेलं. म्हणजे दोष वरच्या साहेबांचा.

मग तिची गाठ पडली विल्यम फार यांच्याशी. इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात काम करणारा हा त्या काळातला मोठा संख्याशास्त्रज्ञ. दोघांनी युद्धातल्या मृत्यूंची महिनावार आणि हॉस्पिटलवार मांडणी केली. त्यातून जे बाहेर आलं, ते तिला हादरवणारं होतं. स्कुटारीत आलेल्या सैनिकांचा मृत्युदर आघाडीजवळच्या इस्पितळांपेक्षा जास्त होता. ज्या इमारतीत ती रात्रंदिवस राबली, ती इमारतच माणसं मारत होती. आणि ते तिला त्या वेळी दिसलं नव्हतं.

ऑगस्ट १८५७ मध्ये ती कोसळली. क्रिमियातच जडलेल्या तापाने तिची तब्येत आधीच ढासळली होती. पण या शोधाचा धक्काही त्यामागे असावा, असं तिच्या काही चरित्र-अभ्यासकांना वाटतं. पुढची कित्येक वर्षं ती बहुतांश वेळ अंथरुणालाच खिळून राहिली.

देशाने तिला देवी मानलं होतं. ती गप्प बसली असती, तर कुणी जाब विचारला नसता. तिने उलट केलं. स्कुटारीच्या आकड्यांसह शेकडो पानांचा अहवाल लिहिला. सरकार तो जाहीर करायला तयार नव्हतं. तेव्हा १८५८ मध्ये तिने तो स्वतः छापून घेतला आणि निवडक मोठ्या लोकांना पाठवला.

मंत्र्यांना कळेल असं चित्र

लांबलचक तक्ते मंत्री वाचत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने आकड्यांची चित्रं केली.

एक वर्तुळ, त्याच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. निळा रंग टाळता येण्यासारख्या आजारांनी झालेल्या मृत्यूंचा, लाल रंग जखमांनी झालेल्या मृत्यूंचा, काळा रंग इतर कारणांचा. ज्या महिन्यात जास्त माणसं मेली, ती पाकळी मोठी. जानेवारी १८५५ ची पाकळी बघितली की वेगळं काही सांगावं लागत नाही. त्या महिन्यात २,७६१ सैनिक आजारांनी मेले आणि जखमांनी फक्त ८३.

दुसरं एक चित्र याहून बोचरं होतं. युद्ध नसताना, इंग्लंडमधल्याच बराकींत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरत होते. हे निवडून घेतलेले धडधाकट गडी होते. म्हणजे बराकीच त्यांना खात होत्या.

याचा परिणाम झाला. बराकी आणि लष्करी हॉस्पिटलांची रचना बदलली, लष्करात आकडेवारी ठेवण्याची पद्धत लागली, लष्करी डॉक्टरांसाठी वेगळी शाळा निघाली. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. त्या संस्थेतली ती पहिली महिला. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत तिने सगळ्या हॉस्पिटलांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, असा प्रस्ताव मांडला. आज दोन हॉस्पिटलांची तुलना करता येते, त्यामागे हाच विचार आहे.

त्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावाने जमलेल्या निधीतून नर्सिंगची शाळा सुरू झाली. नर्सने पेशंटकडे कसं बघावं, यावर तिचा सगळ्यात जास्त भर होता. पेशंट काय खातो, किती झोपतो, रात्री कधी दचकून उठतो, कुणाच्या कुजबुजीने अस्वस्थ होतो, हे सगळं नर्सने टिपायला हवं. दारावरून जाताना बरं आहे ना, असं विचारून पुढे जाणं याला ती काळजी मानत नसे.

पुढे तिने बाळंतिणींच्या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात तिच्याच निधीतून दाईंच्या प्रशिक्षणासाठी बाळंतपणाचा वॉर्ड चालत होता. तिथे बाळंतरोगाने बायका दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद झाला. तिने ठिकठिकाणचे आकडे जमवले आणि १८७१ मध्ये पुस्तक काढलं. निष्कर्ष असा की, त्या काळात घरी बाळंत होणाऱ्या बाईपेक्षा मोठ्या हॉस्पिटलात बाळंत होणारी बाई जास्त धोक्यात होती. पुन्हा एकदा, स्वतःच्याच कामावर तिने बोट ठेवलं.

आणि मग आला भारत

फ्लॉरेन्स भारतात कधीच आली नाही. पण आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षं तिने भारताच्या आरोग्यावर काम केलं.

१८५७ च्या उठावानंतर भारतात गोऱ्या फौजेची संख्या वाढली आणि मृत्यूही डोळ्यांत भरू लागले. १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. बाई असल्यामुळे ती आयोगाची सदस्य होऊ शकत नव्हती. पण प्रश्नावली तिनेच तयार करवली आणि ती भारतभरच्या छावण्यांना गेली. पाणी कुठून येतं? शौचकूप कुठे आहेत? एका बराकीत माणसं किती? सांडपाणी कुठे जातं?

नागपूरकरांना यातलं चित्र डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही. कळमेश्वरहून नागपूर ओलांडून पलीकडे गेलं की कन्हान नदीकाठी कामठी लागते. १८२१ पासूनची ही छावणी तेव्हा मद्रास सैन्याचं मोठं ठाणं होती. अशा छावण्यांमधून आलेले कागद एवढे झाले की ठेवायला जागा पुरेना. १८६३ चा अहवाल दोन हजारांहून जास्त पानांचा झाला. तो कुणी वाचणार नाही हे ओळखून तिने त्याचं सार वेगळं लिहिलं आणि त्यात चित्रंही टाकली.

भारतातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर तेव्हा वर्षाला हजारी ६९ होता. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, तो हजारी १८ वर आल्याचं तिने मांडलं.

सुरुवात सैनिकांपासून झाली, पण कागद वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की छावणीभोवतीचं गाव आजारी असेल, तर छावणी निरोगी राहूच शकत नाही. मग ती शेतकऱ्यांकडे वळली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळला, तेव्हा तिने पाटबंधारे, सावकारी कर्ज आणि शेतसारा यांवर लिहिलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली. मुंबई इलाख्यातल्या ग्रामस्वच्छतेच्या कायद्यासाठी तिने पाठपुरावा केला. गावाकडून गोळा होणाऱ्या करावर पहिला हक्क गावाच्या स्वच्छतेचा असावा, ही तिची मागणी होती.

१८९६ मध्ये तिने भारतातल्या खेड्यांसाठी आणखी एक कल्पना मांडली. आरोग्याची माहिती देणाऱ्या माणसांनी घरोघरी जावं, तिथल्या बायकांशी त्यांच्याच भाषेत बोलावं. आज मोहपा किंवा धापेवाड्याच्या गल्लीत वही घेऊन फिरणारी आशाताई बघितली, की ती कल्पना काय होती ते कळतं.

चुकाही होत्या

तिला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. रोग घाणेरड्या हवेतून होतात, असं ती बराच काळ धरून बसली होती. जंतूंचा सिद्धांत तिने उशिरा स्वीकारला. भारताकडेही ती सुरुवातीला साम्राज्याच्याच चष्म्यातून बघत होती. आणि स्वतःच्या खर्चाने क्रिमियात जाऊन सैनिकांची सेवा करणाऱ्या, मूळच्या जमैकाच्या मेरी सीकोल तिच्या प्रसिद्धीखाली कितीतरी वर्षं झाकल्या गेल्या.

१९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला. हा मान मिळालेली ती पहिली महिला. तोवर तिची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लंडनमध्ये ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. हॅम्पशायरमधल्या एका गावच्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे. दगडावर पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची सालं.

मग आज याचं काय?

तिच्यानंतर ही वाट पुढे नेली ती नर्सनीच. एक उदाहरण प्रत्येक घराला लागू पडणारं आहे.

म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात. त्यावर काय काय चोळावं, याचे वर्षानुवर्षं शंभर उपाय होते. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने सहकाऱ्यांसोबत वृद्ध पेशंटचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चोळण्यापेक्षा पेशंटला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणं जास्त उपयोगी आहे, हे त्यातून पुढे आलं. कोणत्या पेशंटला जास्त धोका आहे, हे ओळखायला त्यांनी पाच गोष्टी ठरवल्या. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणं-फिरणं, हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा. आज कुणी सिस्टर तुमच्या आजोबांना दर दोन तासांनी वळवायला सांगते, त्यामागे असं संशोधन आहे.

हे एखाद्या नर्सलाच का सुचलं? कारण डॉक्टर पेशंटजवळ काही मिनिटं असतात आणि नर्स चोवीस तास. वेदना कधी वाढते, भूक कधी मरते, माणूस कधी घाबरतो, हे तिला आधी दिसतं. तिने ते मोजलं आणि लिहिलं, तरच ते पुढच्या पेशंटच्या कामी येतं.

भारतातही एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या प्रत्येकीला, प्रत्येकाला संशोधन प्रबंध करावा लागतो. १२ मे हा जागतिक परिचारिका दिन आहे आणि १९७३ पासून आपल्याकडे नाइटिंगेलच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कारही दिला जातो. फुलं दिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. पण एका सिस्टरकडे वॉर्डभर पेशंट असतील, तर ती इंजेक्शनं देईल की नोंदी ठेवेल? आणि ठेवलेल्या नोंदी पेशंट घरी गेल्यावर गठ्ठ्यात बांधून टाकल्या, तर त्यातून कोण काय शिकेल? नाइटिंगेल असती तर तिने मेणबत्ती पेटवण्याआधी हा गठ्ठा सोडायला सांगितलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात रात्री सिस्टर कॉटजवळ उभ्या राहून लिहिताना दिसल्या, तर दोन मिनिटं थांबा. रात्री पेशंट किती वेळा उठला, पाणी किती प्यायला, कुठे दुखतं म्हणाला, हे तुम्हाला माहीत असेल तर त्यांना सांगा. त्या लिहून घेतील.